चार रात्रींची मालिका आणि वीस वर्षांचा अन्याय: 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस'नं ब्रिटनमध्ये नेमकं काय घडवलं?

१ ते ४ जानेवारी २०२४. ब्रिटनमध्ये नववर्षाच्या सुट्ट्या चालू होत्या. आयटीव्ही वाहिनीवर सलग चार रात्री एक मालिका दाखवली गेली. विषय ऐकायला अगदी रुक्ष: पोस्टातले हिशेब आणि बिघडलेलं सॉफ्टवेअर.

मालिका संपली आणि सहाव्या दिवशी, १० जानेवारीला, पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत जाहीर केलं की, या प्रकरणात दोषी ठरवल्या गेलेल्या शेकडो लोकांची शिक्षा एका कायद्यानं रद्द केली जाईल. मे महिन्यात तो कायदा झालाही.

गंमत म्हणजे मालिकेत नवं असं काहीच नव्हतं. बातम्या १५ वर्षांपासून येत होत्या. न्यायालयाचा निकाल चार वर्षांपूर्वीच लागला होता. चौकशी आयोगही बसला होता. मग जे बातम्यांना आणि निकालाला जमलं नाही, ते चार भागांच्या मालिकेला कसं जमलं? आणि खऱ्या न्यायलढ्यांवर बेतलेल्या अशा मालिका-चित्रपटांकडे प्रेक्षक म्हणून आपण कसं पाहायचं?

मूळ प्रकरण काय होतं?

ब्रिटनमधली बहुतेक लहान पोस्ट ऑफिसं ही गावातल्या किंवा पेठेतल्या दुकानातच असतात. एका बाजूला दूध, पाव, वर्तमानपत्रं. दुसऱ्या बाजूला पोस्टाची खिडकी. ती चालवणारे सबपोस्टमास्टर सरकारी नोकर नसतात. ते पोस्ट ऑफिस या सरकारी मालकीच्या कंपनीशी करार करतात. अनेकांनी आयुष्यभराची बचत घालून किंवा कर्ज काढून अशी दुकानं घेतलेली असतात. दक्षिण आशियाई वंशाची कुटुंबंही या व्यवसायात मोठ्या संख्येनं आहेत.

१९९९ पासून पोस्टानं या खिडक्यांवर 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवायला सुरुवात केली. ही प्रणाली फुजित्सू या जपानी कंपनीच्या ब्रिटिश शाखेची. आधी वहीवर होणारा हिशेब आता यंत्रावर होऊ लागला. आणि बऱ्याच ठिकाणी तो जुळेना. गल्ल्यात जेवढी रोकड असायची, त्यापेक्षा जास्त असायला हवी, असं होरायझन सांगायचं. कधी काहीशे पौंडांची तूट, कधी हजारोंची.

करारानुसार तूट आली की ती सबपोस्टमास्टरनं भरायची. लोकांनी मदतीच्या फोन क्रमांकावर विचारणा केली. अनेकांना एकच उत्तर मिळालं: असा त्रास दुसऱ्या कुणालाही होत नाहीये, फक्त तुमच्याकडेच होतोय. पुढे हे उत्तर या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत क्रूर असत्य ठरलं. कारण प्रत्येकाला वाटत राहिलं की चूक आपलीच असणार.

लोकांनी बचत मोडली, दागिने विकले, नातेवाइकांकडून उसने घेतले, घरं गहाण टाकली. ज्यांना पैसे भरता आले नाहीत, त्यांच्यावर चोरीचे, अफरातफरीचे आणि खोटे हिशेब ठेवल्याचे खटले झाले.

इतक्या लोकांना शिक्षा कशी झाली?

१९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांच्या आधारे ९०० हून अधिक लोक दोषी ठरवले गेले. यातले सुमारे ७०० खटले खुद्द पोस्टानं चालवले होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये एखादी संस्था पोलीस किंवा सरकारी वकिलांकडे न जाता स्वतः फौजदारी खटला भरू शकते. म्हणजे ज्याचे पैसे गेले असा दावा, तोच तपास करणारा आणि तोच खटला चालवणारा.

दुसरं कारण कायद्यातलं. १९८४ च्या एका कायद्यात तरतूद होती की, संगणकातली नोंद पुरावा म्हणून आणायची तर तो संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावं लागेल. १९९९ मध्ये ती तरतूद रद्द झाली. त्यानंतर संगणक बरोबरच चालतो असं न्यायालयं गृहीत धरू लागली. तो चुकतो असं म्हणायचं असेल, तर ते आरोपीनं दाखवायचं. गावातल्या दुकानदारानं हे दाखवायचं कसं? प्रणालीच्या आतल्या नोंदी आणि ज्ञात दोषांची यादी, हे सगळं समोरच्या पक्षाच्याच ताब्यात.

तिसरं कारण भीती. खोटे हिशेब ठेवल्याचा गुन्हा कबूल करा, चोरीचा आरोप मागे घेतो, असा मार्ग अनेकांपुढे ठेवला गेला. तुरुंग टाळण्यासाठी निर्दोष माणसांनीही गुन्हा कबूल केला. हँपशायरमधल्या साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन त्यांपैकी एक. तूट भरायला त्यांनी घर पुन्हा गहाण टाकलं, गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि शिक्षेच्या दिवशी गाव न्यायालयात त्यांच्या मागे उभं राहिलं. भारतीय वंशाच्या एका महिलेला २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली; त्या वेळी ती गरोदर होती.

बेट्स कोण?

ॲलन बेट्स वेल्समधल्या लँडिडनो इथं पोस्ट चालवायचे. त्यांच्याकडेही तूट दिसू लागली. पण त्यांनी ती आपली आहे असं मान्य करायलाच नकार दिला. त्यांनी नोंदी मागितल्या, पत्रांमागून पत्रं लिहिली. २००३ मध्ये पोस्टानं त्यांचा करार संपवला.

२००९ मध्ये 'कॉम्प्युटर वीकली' या नियतकालिकानं बेट्स यांच्यासह सात सबपोस्टमास्टरांची हकिगत छापली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातल्या सभागृहात अशा लोकांची पहिली बैठक झाली आणि न्यायासाठी लढणारी त्यांची संघटना उभी राहिली. 'फक्त तुमच्याकडेच' हे उत्तर ऐकलेली माणसं पहिल्यांदा एकमेकांसमोर बसली होती.

पुढे ५५५ जणांनी मिळून पोस्टावर दिवाणी दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की, होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू शकत होती. प्रणाली निर्दोष आहे हा पोस्टाचा हट्ट त्यांनी पृथ्वी सपाट असल्याच्या दाव्याच्या पंगतीत बसवला.

पण जिंकूनही हातात काय आलं? तडजोडीत ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड मंजूर झाले. वकील आणि दाव्यासाठी पैसा पुरवणाऱ्यांचा खर्च वजा जाता सुमारे १ कोटी २० लाख उरले. ५५५ जणांत वाटले, तर सरासरी २० हजार पौंडांच्या आसपास. काहींचं नुकसान याच्या कित्येक पट होतं.

एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयानं ३९ जणांची शिक्षा एकाच वेळी रद्द केली. तरीही २०२३ संपेपर्यंत निर्दोष ठरलेल्यांची संख्या शंभरीही गाठू शकली नव्हती. ९०० पैकी शंभरहून कमी. प्रत्येकानं स्वतंत्र अपील करायचं, जुनी कागदपत्रं शोधायची, ज्या यंत्रणेनं तुरुंगात टाकलं तिच्याच दारात पुन्हा जायचं. अनेकांमध्ये ती ताकद उरली नव्हती. काही जण निकालाची वाट पाहतच गेले.

मग मालिकेनं वेगळं काय केलं?

ग्वेनेथ ह्यूज यांनी लिहिलेल्या आणि जेम्स स्ट्राँग यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत बेट्स यांची भूमिका टोबी जोन्स यांनी केली. तिच्या परिणामामागची कारणं नीट पाहिली, तर चार गोष्टी दिसतात.

पहिली, क्रम. बातमी शेवटापासून सुरू होते: अमुक जणांची शिक्षा रद्द. मालिका सुरुवातीपासून सुरू होते. जो हॅमिल्टन फोनवर सांगितल्याप्रमाणे बटणं दाबतात आणि तुटीचा आकडा कमी होण्याऐवजी डोळ्यांदेखत दुप्पट होतो. 'सॉफ्टवेअरमधला दोष' हे शब्द वाचून जे पोहोचत नाही, ते या एका प्रसंगात पोहोचतं.

दुसरी, एकटेपण. शेकडो बळी ही संख्या आहे. आपण एकटेच चुकलो, असं मानून नवऱ्यापासून, मुलांपासून, गावापासून लपवणारं एक माणूस ही गोष्ट आहे. प्रेक्षकाला आधी ते एकटेपण कळतं आणि म्हणून खेड्यातल्या सभागृहात जमणारी माणसं पाहून त्याचा जीव भांड्यात पडतो.

तिसरी, ओळख. पोस्टाची खिडकी प्रत्येकानं पाहिलेली. चोर ठरवली गेलेली माणसं ही आपल्या गल्लीतल्या दुकानदारासारखी. हे आपल्यावरही येऊ शकलं असतं, ही जाणीव सहानुभूतीपेक्षा जास्त काम करते.

चौथी, वेळ. सुट्टीचे दिवस, सलग चार रात्री, आणि निवडणुकीचं वर्ष. लाखो लोक एकाच आठवड्यात एकाच विषयावर बोलू लागले, तेव्हा त्याकडे दुर्लक्ष करणं राजकारण्यांना परवडणारं नव्हतं.

परिणाम लगेच दिसले. पोस्टाच्या माजी मुख्य अधिकारी पॉला व्हेनेल्स यांना मिळालेला 'सीबीई' हा राजकीय सन्मान काढून घ्यावा, या मागणीवर १० लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ९ जानेवारीला त्यांनी तो परत करत असल्याचं जाहीर केलं. गप्प बसलेले आणखी पीडित वकिलांकडे पुढे येऊ लागले. होरायझनच्याही आधी वापरल्या जाणाऱ्या 'कॅप्चर' या दुसऱ्या प्रणालीच्या तक्रारींकडे लक्ष गेलं. २४ मे २०२४ ला इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठी शिक्षा रद्द करणारा कायदा संमत झाला. स्कॉटलंडनं स्वतंत्र कायदा केला. बेट्स यांना 'सर' हा किताब मिळाला.

श्रेय एकट्या मालिकेचं?

नाही. आणि हे लक्षात ठेवणं महत्त्वाचं आहे. मालिकेनं काहीही शोधून काढलेलं नाही. 'कॉम्प्युटर वीकली' आणि 'प्रायव्हेट आय' यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१५ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरामा' कार्यक्रमात फुजित्सूच्या एका माजी कर्मचाऱ्यानं सांगितलं की, सबपोस्टमास्टरच्या नकळत बाहेरून त्याच्या खात्यात बदल करता येत होते. पोस्ट हे अशक्य असल्याचं सांगत आलं होतं. निक वॉलिस या पत्रकारानं २०२० मध्ये रेडिओवर मालिका केली. ५५५ जणांनी दावा लढवला. चौकशी आयोगापुढे साक्षी झाल्या.

थोडक्यात, दार आधीच खिळखिळं झालं होतं. मालिकेनं शेवटचा धक्का दिला. न्यायालयाचा निकाल नसता, तर हीच मालिका दाखवणं वाहिनीला कायदेशीरदृष्ट्या फार अवघड गेलं असतं.

असं आधीही घडलंय का?

घडलंय, पण दर वेळी परिणाम सारखा नाही.

१९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत ९७ फुटबॉलप्रेमींचा जीव गेला. दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला गेला. १९९६ मध्ये जिमी मॅकगव्हर्न यांनी लिहिलेल्या 'हिल्सबरो' या टीव्ही-चित्रपटानं कुटुंबीयांची बाजू घराघरांत नेली. पण हे मृत्यू बेकायदा ठरवणारा निर्णय यायला २०१६ उजाडलं. मालिकेनंतर सहा दिवसांत कायदा जाहीर होणं हा अपवाद आहे.

अमेरिकेतली 'व्हेन दे सी अस' ही २०१९ ची मालिका उलट टोकाची. न्यूयॉर्कमधल्या १९८९ च्या एका हल्ल्याप्रकरणी पाच अल्पवयीन मुलांना शिक्षा झाली होती. ती २००२ मध्येच रद्द झाली, २०१४ मध्ये भरपाईही मिळाली. मालिका आली ती सगळं झाल्यावर. तिचं काम होतं ते कबुलीजबाब कसे वदवून घेतले गेले हे दाखवण्याचं.

आणि भारतात?

१३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 'बॉर्डर'चा खेळ चालू असताना आग लागली आणि ५९ जण गेले. नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन्ही मुलं त्यात होती. त्यांनी इतर पीडित कुटुंबांसह संघटना उभारली आणि दोन दशकांहून अधिक काळ खटला लढवला. त्यांच्या पुस्तकावर आधारलेली 'ट्रायल बाय फायर' ही मालिका जानेवारी २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. त्यात आईची भूमिका राजश्री देशपांडे या मराठी अभिनेत्रीनं केली आहे. प्रदर्शनाआधी चित्रपटगृहाच्या मालकांपैकी सुशील अन्सल यांनी स्थगितीसाठी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली होती. न्यायालयानं स्थगिती नाकारली. या मालिकेच्या शेवटी विजयाचा जल्लोष नाही, कारण वास्तवातही तो नव्हता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालकांना प्रत्येकी ३० कोटी रुपये दंड ठोठावला आणि भोगलेली कैद पुरेशी मानली. २०१७ मध्ये एका भावाला उरलेली शिक्षा भोगायला पाठवलं, दुसऱ्याला वयामुळे सवलत मिळाली.

२०२१ चा 'जय भीम' हा तमिळ चित्रपट १९९३ मधल्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणावर आहे. ते प्रकरण लढवणारे वकील के. चंद्रू पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मूळ घटनेतलं कुटुंब कुरवर समाजाचं होतं. चित्रपटात ते इरुळर दाखवलं. त्यावरही प्रश्न विचारले गेले. एका दृश्यातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे दुसऱ्या एका समाजाची बदनामी होते, असा आक्षेप आल्यावर ते दृश्य बदलावं लागलं.

धोके कोणते?

'सत्य घटनेवर आधारित' या तीन शब्दांत बरंच काही लपतं. 'मिस्टर बेट्स'मध्येही काही पात्रं अनेकांच्या अनुभवांवरून रचलेली आहेत आणि संवाद लेखिकेचे आहेत. दुसरीकडे, संसदीय समितीत पोस्टाला प्रश्न विचारणारे खासदार नदीम झहावी यांनी मालिकेत स्वतःचीच भूमिका केली आहे. खरं आणि रचलेलं इतकं शेजारी बसतं की, प्रेक्षकाला सीमारेषा दिसत नाही.

यातून खऱ्या माणसांवर अन्याय होऊ शकतो. 'व्हेन दे सी अस'मधल्या आपल्या चित्रणावरून माजी सरकारी वकील लिंडा फेअरस्टीन यांनी नेटफ्लिक्सवर बदनामीचा दावा लावला. २०२४ मध्ये तो तडजोडीनं मिटला. नेटफ्लिक्सनं निर्दोष कैद्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला १० लाख डॉलर देण्याचं मान्य केलं; फेअरस्टीन यांना पैसे मिळाले नाहीत.

दुसरा धोका कायद्याच्या पातळीवरचा. न्यायालयानं दिलेल्या शिक्षा संसदेनं एका फटक्यात रद्द करणं हे ब्रिटनमध्येही अनेक कायदेतज्ज्ञांना खटकलं. त्यांत खरोखर चोरी केलेले काही जण सुटतील, हे सरकारनंही नाकारलं नाही. पण एकेक अपील ऐकत बसलो तर निर्दोष माणसं न्यायाआधीच मरतील, हा युक्तिवाद वरचढ ठरला.

तिसरा धोका निवडीचा. ज्या प्रकरणात शांत, चिवट, सहज प्रेम करावं असा नायक आहे, त्यावर मालिका होते. ज्यात बळी तितका गोंडस नाही, लढा मधेच तुटला किंवा शेवटच नाही, ते प्रकरण पडद्यावर येत नाही. त्यात पैशाचाही भाग आहे. एवढी गाजूनही 'मिस्टर बेट्स'मध्ये सुमारे १० लाख पौंडांचा तोटा झाल्याचं आयटीव्हीच्या वरिष्ठांनी सांगितलं. ज्या मालिकेनं कायदा बदलला ती धंद्यात मात्र तोट्याची ठरली. पुढची अशी मालिका कोण काढणार, हा प्रश्न म्हणूनच खरा आहे.

पाहताना काय विचारावं?

अशी कलाकृती पाहिल्यावर चार प्रश्न उपयोगी पडतात. मूळ प्रकरणात निकाल लागला आहे, की खटला अजून चालू आहे? कथा कोणाच्या नजरेतून आहे आणि दुसऱ्या बाजूला बोलायची संधी मिळाली होती का? कोणती पात्रं खरी, कोणती रचलेली? आणि आज त्या माणसांची स्थिती काय आहे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होरायझनच्या बाबतीत अस्वस्थ करणारं आहे. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी आयोगाच्या अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये आला. या प्रकरणामुळे किमान १३ जणांनी आपलं जीवन संपवलं असण्याची शक्यता त्यात नोंदवली आहे. भरपाईला पात्र ठरू शकणाऱ्यांची संख्या सुमारे १० हजार आहे आणि भरपाईच्या दिरंगाईवर अहवालात टीका आहे. जबाबदार अधिकाऱ्यांवर खटले भरायचे की नाही, हा निर्णय आयोगाचा अंतिम अहवाल आल्यावरच होईल, असं पोलिसांनी सांगितलं आहे.

आणि एक प्रश्न आपल्यासाठीही. रेशन दुकानातलं यंत्र अंगठा ओळखत नाही, खात्यात पैसे जमा झाल्याचं पडद्यावर दिसतं पण हातात येत नाहीत, पोर्टल अर्ज 'अपूर्ण' म्हणतं. अशा वेळी आपल्याकडेही यंत्र बरोबर आणि माणूस चूक असंच आधी धरलं जातं. भारतीय न्यायालयात संगणकातली नोंद पुरावा म्हणून मांडताना प्रमाणपत्र लागतं. ते बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ज्या खटल्यात पुन्हा स्पष्ट केलं, तो जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उभा राहिलेला होता. पण प्रकरण न्यायालयात पोहोचायच्या आधी, खिडकीवर, असं प्रमाणपत्र कुणी मागत नाही. तिथं माणसाकडे एकच उपाय उरतो, जो बेट्स यांनी केला: आपली तक्रार लेखी देणं, प्रत्येक कागद जपून ठेवणं, आणि असा त्रास आणखी कुणाला होतोय का, हे शेजारच्या माणसाला विचारणं.